घरातलं शिसव

पन्हाळ्यावर पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचं, हे आम्हा गडकऱ्यांचं ठरलेलं असतं. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं, सज्जाकोठी, सादोबाचं तळं. सगळं दगडाचं. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानं इथं किल्ला उभा केला. त्यानंतर आदिलशाही आली, मराठे आले, मोगल आले, इंग्रज आले. प्रत्येकानं काही बांधलं, काही पाडलं. २०२५ सालच्या जुलै महिन्यात युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारांत आमचा पन्हाळा आहे. गडावर आनंद झाला, मलाही झाला.

पण त्या आनंदात एक साधा प्रश्न माझ्या मनात आला. या दगडांच्या आत माणसं राहत होती. ती बसत कशावर होती? निजत कशावर होती? लेकीचे दागिने, सुनेचं लुगडं, दप्तराचे कागद कशात ठेवत होती? त्या लाकडाचं काय झालं?

याचं उत्तर कठीण नाही. दगड राहतो, लाकूड जातं. त्याला वाळवी खाते, पन्हाळ्याचा पाऊस कुजवतो, आग जाळते. आणि यांतलं काहीच झालं नाही तर एखाद्या थंडीत ते चुलीत जातं. जुन्या दरवाजाच्या भिंतीत अडसराची खोबण तेवढी दिसते, अडसर दिसत नाही. म्हणून मग आपल्याला आपला इतिहास दगडीच वाटू लागतो. तटाचा, बुरुजाचा, वेढ्याचा. घरातला इतिहास लाकडात होता, तो लाकडाबरोबर गेला.

या सगळ्यात चिवटपणानं टिकून राहिलेलं एक लाकूड आहे, ते म्हणजे शिसव. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

शिसवाचं झाड सह्याद्रीच्या पानझडी रानातलं. पानं गोलसर, एका देठावर पाच-सात पर्णिका, फुलं बारीक पांढरी, शेंगा चपट्या. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं डाल्बर्जिया लॅटिफोलिया. लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचं. झाड उभं असताना फार नजरेत भरत नाही. बुंध्याचं बाहेरचं लाकूड पांढरट, त्याला कीड लागते. खरा माल आत, गाभ्यात. जांभळट तपकिरी रंग आणि त्यात काळ्या रेघा. ताजं कापलं की त्याला मंद सुगंध येतो. म्हणून इंग्रजीत याला रोजवुड हे नाव पडलं. मुंबईतले इंग्रज मात्र त्याला सरळ ब्लॅकवुड म्हणत, काळं लाकूड.

वजनाचं म्हणाल तर घनफूटभर वाळलेला साग साधारण अठरा-एकोणीस किलो भरतो, शिसव तेवीस-चोवीस किलो. जुना शिसवी पलंग उचलायला चार माणसं का लागतात, ते यावरून कळेल. आमच्याकडे येणारे एक म्हातारे सुतार होते. शिसवावर रंधा मारताना ते दर थोड्या वेळानं थांबत, पातं दगडावर घासत आणि म्हणत, "भाई, ह्ये लाकूड न्हवं, लोखंड हाय." ते खोटं नव्हतं. या लाकडात पाती लवकर बोथट होतात. पण एकदा पॉलिश चढलं की हातच फिरवत राहावा असं ते दिसतं.

आपल्या भाषेनंही हे लाकूड जपून ठेवलं आहे. संस्कृतात शिंशपा, प्राकृतात सीसवा, मराठीत शिसव. वाल्मीकी रामायणात अशोकवनातली सीता ज्या झाडाखाली बसली होती आणि हनुमान ज्याच्या पानांत लपला होता, ते झाड शिंशपाच. बहुतेक अभ्यासक ते उत्तरेतलं शिसू मानतात, आपल्या शिसवाचा सख्खा भाऊ. आणि आपल्याकडे काळ्या, तुकतुकीत, घट्ट बांध्याच्या माणसाला "शिसवासारखा" म्हणतात, त्यात हिणवणं नसतं, कौतुक असतं.

आता थोडं जुन्या घरात जाऊ. आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो, ते शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या घरात फारसं नव्हतंच. माणसं जमिनीवर बसत. सतरंजी, गादी, लोड, तक्के हीच बैठक. लाकडाच्या म्हणून ज्या वस्तू असत त्या मोजक्या: जेवायला पाट, पूजेला चौरंग, देवाला देव्हारा, निजायला पलंग, ठेवायला पेटी, आणि ऐपत असली तर झोपाळा. मुसलमान घरात संदूक, तख्त आणि रेहल.

रेहल म्हणजे कुराण ठेवून वाचायची घडीची बैठक. ती एकाच फळीतून काढतात. फळी अर्ध्या जाडीतून दोन्हीकडून चिरत आणायची, मध्ये बिजागरीसारखे दात कोरायचे, आणि मग ती हातांच्या बोटांसारखी एकमेकांत अडकून उघडते. खिळा नाही, सरस नाही, दुसरं लाकूड नाही. माझ्या दादीची रेहल शिसवाची आहे. तिच्या कडा हातांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. कोणी केली, कधी केली, हे तिच्यावर लिहिलेलं नाही. घरातल्या लाकडाचं असंच असतं. करणाऱ्याचं नाव त्यावर नसतं, वापरणाऱ्याचा हात तेवढा असतो.

वस्तूंची नावं ऐकली तरी त्या कुठून आल्या ते कळतं. पाट, चौरंग, पलंग, देव्हारा हे आपले जुने. संदूक अरबी. मेज फारसी. बाक आणि अलमारी पोर्तुगिजांबरोबर आलेले. टेबल इंग्रजांचं. आणि खुर्ची मूळची अरबी कुर्सी. कुराणातल्या एका प्रसिद्ध आयतीला आयतुल कुर्सी म्हणतात, तिथं ती ईश्वराच्या सत्तेची कुर्सी आहे. मराठीतही आपण "खुर्ची गेली" म्हणतो तेव्हा चार पायांचं लाकूड गेलं असं म्हणत नाही! थोडक्यात, एका दिवाणखान्यात तीन-चार देश बसलेले असतात. लाकूड मात्र इथलं, आणि त्याला आकार देणारा सुतारही इथला.

हे लाकूड आणायचं कसं आणि कुणाला विचारून, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे, आणि तो या पन्हाळ्याशी जोडलेला आहे. ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर करवीरची राजधानी केली. पुढं संभाजीराजांच्या, म्हणजे कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजींच्या कारकिर्दीत, १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. शिवाजी महाराजांपासून पाच छत्रपतींची राजवट पाहिलेला हा माणूस. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांची समाधी गडावर आहे. पाहुण्यांच्या गाड्या तिथं क्वचित थांबतात.

आज्ञापत्रात राजा, सावकार, वतनदार, किल्ले, आरमार अशी प्रकरणं आहेत. आरमाराला मोठमोठं लाकूड लागतं. ते कुठून घ्यायचं? अमात्य सांगतात की राज्यातल्या अरण्यात सागासारखी झाडं आहेत, त्यांतली उपयोगी पडतील ती परवानगीनं तोडावीत. आणखी लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणस हीसुद्धा आरमाराच्या कामाची लाकडं, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लावली, पोटच्या पोरांसारखी वाढवली, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादं झाड जुनं होऊन कामातून गेलंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडून न्यावं. जुलूम करू नये. किल्ल्यांच्या प्रकरणातही गडावर तऱ्हेतऱ्हेची झाडं लावावीत, जपावीत, वेळप्रसंगी ती लाकडाच्याही उपयोगी येतात, असं ते सांगतात.

हे मी आपल्या शब्दांत सांगितलं. मूळ वाचलंत तर त्यातली मराठी ऐकून अंगावर काटा येईल. आपण हा उतारा पर्यावरणदिनाच्या भाषणात वापरतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. लाकडाची किंमत म्हणजे त्याला लागलेला काळ, हे अमात्यांना पक्कं ठाऊक होतं. झाड तोडायला एक दिवस लागतो. ते वाढवायला ज्याचे दिवस गेले, त्याला विचारल्याशिवाय आणि त्याचं मोल दिल्याशिवाय तोडायचं नाही, हा त्यांचा हिशेब.

शंभर-सव्वाशे वर्षांनी हा हिशेब उलटा झाला. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात साग, शिसव, चंदन ही झाडं सरकारनं स्वतःसाठी राखून ठेवली. शेत तुमचं, बांध तुमचा, पण त्यावर उगवलेलं शिसव सरकारचं. १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल राखायची निकड खरी होती, कारण जहाजं, तोफांचे गाडे, इमारती यांसाठी लाकडाची मागणी अफाट वाढली होती. चिवटपणामुळं शिसव तोफेच्या गाड्यांना फार चालायचं. पण ज्या झाडाचं मोल आपल्याला मिळणार नाही आणि जे तोडलं तर आपण गुन्हेगार ठरू, त्याचा कोंब शेतात दिसल्यावर शेतकरी त्याला पाणी घालेल की उपटून टाकेल? कोल्हापूर संस्थान वेगळं होतं, तिथला कारभार दरबाराचा. तरी बाजार एकच होता, आणि मागणीही तीच.

याच काळात शिसवाला नवा आकार मिळाला. मुंबईत काळ्या लाकडाच्या कोरीव फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. सोफे, गोल मेजं, आरामखुर्च्या, कपाटं. त्यांवर वेली, फुलं, पक्षी इतके दाट कोरलेले की टेकून बसलं तर पाठीला टोचावेत. १८५१ साली लंडनमध्ये जे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्यात हे मुंबईचं काम मांडलं गेलं. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून ते पारशी, गुजराती, मराठी धनिकांच्या दिवाणखान्यात आलं. मग संस्थानांत आलं. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८८४ साली पुरा झाला. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली, आणि जड सामान मुंबईहून आणणं सोपं झालं.

सरदाराच्या वाड्यात खुर्ची आली, की इनामदाराच्या घरात येते. मग वकिलाच्या, मग मास्तरांच्या. पण गावच्या सुतारानं ती जशीच्या तशी उचलली नाही. त्यानं कोरीवकाम कमी केलं, पाया जाड ठेवला, बैठक रुंद केली, कारण आपल्या माणसाला खुर्चीवरही मांडी घालून बसायचं असतं. जुन्या घरांतल्या रुंद खुर्च्या आठवून पाहा. इंग्रजांची खुर्ची अशी हळूहळू मराठी झाली. सांधे मात्र जुन्या पद्धतीचे, एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमकी बसणारी जीभ, वरून लाकडाचीच खुंटी. म्हणूनच ती खुर्ची आजही खोलता येते, दुरुस्त करता येते. खिळ्यांनी ठोकलेल्या वस्तूचं तसं नसतं.

आजच्या घडीला शिसवाचं काय चाललं आहे? रानातलं मोठं शिसव दुर्मीळ झालं आहे. लाकडाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाचं सगळं कुळच सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आहे, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावर कागदपत्रांचं बंधन आहे. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यात पूर्वी हस्तिदंत बसवत, तो आता बंद झाला.

दुकानात आज "शिसम" म्हणून जे मिळतं, ते बहुधा उत्तरेतलं शिसू. लाकूड चांगलं, टिकाऊ, पण ते आपलं शिसव नव्हे. त्याचा रंग सोनेरी तपकिरी, आणि कित्येकदा वरून गडद रंग देऊन ते काळं केलेलं असतं. खालच्या, न रंगवलेल्या बाजूला पाहिलं की बऱ्याचदा कळतं. दुसरा प्रकार व्हिनियरचा: प्लायवूडवर कागदासारखा पातळ शिसवाचा पापुद्रा. त्यातही काही वाईट नाही. एका ओंडक्यात शेकडो दारं सजतात. फक्त काय घेतो आहोत ते माहीत असावं आणि किंमत त्या मानानं द्यावी.

खरं, भरीव, जुनं शिसव आता दुकानात नाही, ते घरांत आहे. आणि घरं मोडत आहेत. वाड्याच्या वाटण्या होतात, इमारत उभी राहते, प्रत्येकाला दोन खोल्या मिळतात. आजोबांचा पलंग जिन्यातून वर जात नाही. मग तो पडवीत राहतो, पडवी पाडली की अंगणात येतो, आणि एका दुपारी जुन्या सामानाचा व्यापारी टेम्पो घेऊन येतो. ओळखीच्या एका घरात मी हे पाहिलं. घरातल्या पोरानं मला बोलावून विचारलं, "चाचा, पलंगाचे एवढे देतो म्हणतोय, देऊन टाकू काय?" आकडा ऐकून त्याची आई खूश होती. मी पोराला म्हटलं, "द्यायचा तर दे बाबा, वस्तू तुमची आहे. पण या पलंगावर तुझा बाप जन्मला का?" आई मध्येच म्हणाली, "बाप न्हाई, आजा. आणि आत्याबाई. आणि सासूबाई ह्याच्यावरच गेल्या." मग ती बराच वेळ बोलत राहिली. सासूबाईंच्या माहेरचा तो पलंग, बैलगाडीतून आलेला. हे त्या पोराला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पलंग शेवटी विकला गेला नाही, असं सांगून मी तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही. तो गेला. त्या घराला पैशाची गरज होती, आणि गरजेपुढं मी शहाणपण कोणत्या तोंडानं सांगणार? पण जाण्याआधी त्या पोरानं त्याचे फोटो काढले, आणि आई जे बोलली ते वहीत उतरवून घेतलं. मला तेवढंही मोलाचं वाटलं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. ज्यांच्याकडे शिसवाचं काही आहे, खुर्ची, पेटी, पाट, देव्हारा, त्यांनी ते ऑइलपेंटनं रंगवू नये. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश या लाकडाला शोभतं. सांधा ढिला झाला तर खिळा ठोकू नये, जाणत्या सुताराला दाखवावं. पलंग घरात मावत नसेल तर त्याच्या फळ्यांचं बाक होतं, टेबल होतं, पुस्तकांची मांडणी होते. आकार बदलला म्हणून लाकूड परकं होत नाही. ते बदलतच आलं आहे. विकायचंच असेल तर भंगाराच्या भावानं नको, चार ठिकाणी विचारून, त्याचं मोल घेऊन. धन्याला राजी करून आणि पैसे देऊन न्यावं, हा अमात्यांचा नियम झाडासाठी होता. झाडाच्या वस्तूला तो लागू करायला हरकत नाही.

आणि ज्याच्याकडे शेताचा बांध आहे, त्यानं एखादं शिसव लावावं. स्वतःच्या पलंगासाठी नव्हे, तो काही आपल्या हयातीत व्हायचा नाही. पण मुळांतूनही त्याला कोंब फुटतात, म्हणजे एकदा लावलेलं झाड आपणहून वाढायची सोय करतं. शेंगवर्गातलं असल्यानं जमिनीलाही ते पोसतं.

किल्ल्याचे दगड आता जगाच्या यादीत गेले. त्यांच्याकडे पाहायला सरकार आहे, पुरातत्त्व खातं आहे, अभ्यासक आहेत. घरातल्या लाकडाची यादी कोणी करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. त्यासाठी एक वही पुरे. वस्तू कोणती, कुणाकडून आली, कुणी केली असं घरात सांगतात, तिच्यावर कोण बसलं, कोण निजलं. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस अजून सांगायला आहे तोवर, या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, त्याच्याजवळ बसून पहिलं पान लिहून काढा.